तुळशीचं लग्न होईपर्यंत कात्री आवरा: दिवाळीच्या आगेमागे बागेची फुलं आणि आवराआवर

दरवर्षी दसरा झाला की घराची साफसफाई सुरू होते आणि त्याच झपाट्यात लोक बागेत पण घुसतात. पाहुणे येणार, अंगण चकाचक दिसलं पाहिजे, म्हणून जे वाकलंय, पिवळं पडलंय, पसरलंय ते सगळं कापून मोकळे होतात, आणि मग नोव्हेंबरात विचारतात की आमच्या शेवंतीला यंदा फूलच का नाही. फूल येणार कुठनं, कळ्या धरलेले शेंडे तर धनत्रयोदशीच्या आधीच कचऱ्यात गेले.

मी राहते साताऱ्यात, माहेर सांगलीचं, त्यामुळं दोन्हीकडच्या बागांत माझे हात मातीत असतात. साताऱ्याला पाऊस जास्त, थंडी लवकर जाणवते, आमच्या अंगणात तांबूस मुरमाड माती आहे आणि पाणी पटकन निचरतं. सांगलीला आईच्या परसात काळी माती, पाऊस कमी पण एकदा ओली झाली की आठ-आठ दिवस चिकट राहते आणि वाळली की भेगा पडतात. म्हणून खाली ज्या तारखा सांगतेय त्या मागंपुढं होणार, तुमच्या मातीकडं बघून ठरवा. पण एक गोष्ट दोन्हीकडं सारखी आहे: साफसफाई एका दमात करायची नाही, दोन फेऱ्यांत करायची. पहिली फेरी दिवाळीच्या आधी, त्यात कात्री जवळजवळ बंद. दुसरी फेरी तुळशीचं लग्न झाल्यावर, म्हणजे कार्तिकी पौर्णिमा उलटली की, आणि खरी छाटाछाट, उपटणं, माती बदलणं ते सगळं तेव्हा. मधे अपवाद एकच, गुलाब, त्याचं पुढं येईलच.

आधी नुसती चक्कर मारा

एखाद्या संध्याकाळी हातात कात्री न घेता फिरा, फक्त जुन्या लोकरीचे तीन रंगांचे तुकडे घ्या. आमच्याकडं हिरवा म्हणजे हात लावायचा नाही, कळी आहे किंवा जमिनीत कंद भरतोय. पिवळा म्हणजे फुलं संपली की छाटायचं. लाल म्हणजे आयुष्य संपलंय, बी घेऊन उपटायचं. शेवंती, हळद, कुंद यांना हिरवा. मधुमालती, पारिजातक, जाई-जुई यांना पिवळा. तेरडा, झिनिया, वाळत चाललेला कॉसमॉस, भेंडी-गवार यांना लाल. हे काम पंधरा मिनिटांचं आहे पण घरात दुसरं कोणी मदतीला आलं, कामाला माणूस लावला, तर चुकून कळ्यांचं झाड कापलं जात नाही. आमच्या सासूबाईंनी लावलेली हळद एका वर्षी अशीच कोणीतरी गवत समजून नोव्हेंबरात जमिनीसरशी कापली होती, जानेवारीत काढली तर बोटभर पण गड्डे नव्हते. पानं हिरवी आहेत तोवर ती खाली कंद भरतात, हे कापणाऱ्याला माहीत असायला पाहिजे.

पहिली फेरी, दिवाळीच्या आधी

या फेरीत झाडाला नाही, झाडाच्या आजूबाजूला हात घालायचा. सगळ्यात आधी पाणी. कुंड्यांखालच्या प्लेटा, फुटक्या बादल्या, उलटे ठेवलेले डबे, गच्चीतला टायर, पावसाचं पाणी जिथं जिथं साठलंय ते ओतून टाका आणि नुसतं ओतू नका, काथ्याने किंवा ब्रशने आतली कड घासा, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटलेली असतात आणि ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात, पुन्हा पाणी लागलं की फुटतात. दर आठवड्याला एकदा हे करायचंच.

मग कुंड्या एकेक करून सरकवायच्या. खाली शंखी गोगलगायी दडून बसलेल्या सापडतात, पाऊस थांबला की त्या कोरड्या दिवसांसाठी विटांखाली, कुंड्यांखाली जाऊन तोंड मिटून घेतात आणि आपल्याला वाटतं संपल्या, तर जूनला सगळी पलटण परत बाहेर येते. आत्ता गोळा केल्या तर पुढचा पावसाळा सोपा जातो. हाताने धरू नका, चिमटा किंवा पिशवी घाला, आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. कुंडीत मीठ टाकू नका, माती खराब होते. मातीत साबुदाण्यासारखे पिवळट पांढरे दाणे पुंजक्याने दिसले तर ती त्यांची अंडी, तीही त्याच बादलीत.

आणि हे नीट वाचा: पाचोळ्यात, विटांच्या ढिगात, कुंड्यांच्या मागं सरळ हात घालायचा नाही. आधी काठीने हलवायचं, पायात बूट, हातात जाड हातमोजे. आपल्याकडं विंचू आहेत, आणि थंडीच्या महिन्यांत घोणस जास्त फिरते, सुक्या पानांत पडली तर रंगाने अजिबात वेगळी दिसत नाही. काही झालंच तर दोरी आवळून बांधत बसायचं नाही, कापायचं-चोखायचं नाही, माणसाला न हलवता, न चालवता गाडीत घालून सरळ सरकारी दवाखाना.

गाजरगवत फुलायच्या आधी मुळासकट उपटा, हातमोजे घालूनच, कारण त्याने अंगाला खाज उठते. फुललेलं असेल तर खतात घालू नका. लव्हाळा मात्र उपटून उपयोग नाही, वरचं पातं हातात येतं आणि खालची गाठ तशीच राहते, खुरप्याने खणून गाठीसकट काढायचा. काळ्या मातीत हे वाफसा, म्हणजे माती ना फार ओली ना फार कोरडी, असतानाच जमतं. फार ओलं असताना खणाल तर ढेकळं होतील, वाळलं की मग टिकाव पण आत जाणार नाही.

इतकंच. अंगण झाडा, फरशीवरचं शेवाळ घासा, रांगोळीची जागा मोकळी करा आणि कात्री ठेवून द्या.

गुलाब, तो अपवाद

सांगली-तासगावकडं दिवाळीच्या आसपास कुणाला भेटायला गेलं तर घरात माणूस सापडत नाही, कारण द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी चाललेली असते. गुलाबाचा पण तोच हंगाम. पाऊस नक्की थांबला, चार दिवस सलग ऊन पडलं की करायची. ऑक्टोबर चुकला तर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत चालतं, त्याच्यापुढं नको. छाटल्यापासून साधारण ४० ते ४५ दिवसांत फुलं येतात.

छाटायच्या आधी आठेक दिवस पाणी कमी करा. जमिनीतल्या झाडाचं बंद केलं तरी चालतं, पण कुंडीतल्याला थोडं थोडं द्या नाहीतर वाळेल. सिकेटर, म्हणजे फांद्या छाटायची कात्री, धारदार पाहिजे आणि प्रत्येक झाडानंतर स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचा, नाहीतर एकाचा रोग आपण स्वतःच दुसऱ्याला देतो. पहिल्यांदा मेलेल्या, काळ्या पडलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि काडीसारख्या बारीक फांद्या मुळातून काढा. कलमाच्या गाठीच्या खालून आलेला फुटवा असेल तर तो जंगली, तो ठेवलात तर दोन वर्षांत तोच झाड खाऊन टाकतो. मग उरलेल्यातल्या चार-पाच जोमदार फांद्या ठेवून त्या फूट-दीड फुटावर कापा. काप तिरका, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, म्हणजे नवीन फूट बाहेर जाते आणि मधे हवा खेळते. हे मोठ्या फुलाच्या कलमी गुलाबांचं झालं. गावठी गुलाबी गुलाब, ज्याचा आई गुलकंद करते, त्याला इतकं कापायचं नाही, नुसती शेंड्यांची हलकी छाटणी.

कापावर हळद लावतात पुष्कळ जण. मी पण लावायचे, पण बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, लावायला लागल्यापासून फांदी वरून काळी पडत खाली येते तो प्रकार थांबला. द्राक्षवाल्यांच्या घरात हे आयतंच मिळेल, नसेल तर करायला सोपं आहे. ५० ग्रॅम मोरचूद पाव लिटर पाण्यात, ५० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या पाव लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्याच भांड्यात, लोखंड-पितळेचं भांडं अजिबात नको. चुन्यावर पाणी पडलं की तो तापतो, थोडं थोडं घाला आणि गार होऊ द्या. मग दोन्ही एकत्र ओतून ढवळा. लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून बघा, त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, अजून थोडा घाला. ब्रशने कापांवर लावा आणि त्याच दिवशी संपवा, शिळं ठेवू नका. मोरचूद विषारी आहे, पोरांपासून लांब, आणि स्वयंपाकाचा चमचा यात वापरायचा नाही.

काळे ठिपके पडलेली सगळी पानं वेचून घ्या, झाडाखालची गळलेली पण, आणि ती खतात टाकू नका, पिशवीत बांधून घंटागाडीत द्या. कुंडीला दोन मुठी शेणखत, एक मूठ नीमपेंड, वरची माती हलवून मिसळायची आणि पाणी सुरू.

शेवंती, या दिवसांची राणी

शेवंतीला कळी कधी धरायची हे रात्र सांगते. रात्री मोठ्या व्हायला लागल्या, म्हणजे अखंड अंधार बारा तासांच्या पुढं गेला की ती कळीवर येते. अखंड हा शब्द महत्त्वाचा. आमच्या गेटजवळच्या तीन कुंड्या नुसत्या पाल्याने वाढायच्या आणि मागच्या अंगणातल्या त्याच जातीच्या कुंड्या फुलांनी वाकायच्या, माती तीच, खत तेच. दोन वर्षं मी खत बदलत बसले. शेवटी लक्षात आलं की गेटसमोर रस्त्याचा दिवा रात्रभर चालू असतो. कुंड्या मागं नेल्या आणि त्या वर्षी त्याही फुलल्या, थोड्या उशिरा पण फुलल्या. तुमची शेवंती फुलत नसेल तर आधी रात्री बाहेर येऊन बघा तिच्यावर उजेड पडतोय का. अंगणात रात्रभर एलईडी माळा लावणार असाल तर शेवंतीच्या जवळ नकोत. पॉइन्सेटियाचं, म्हणजे ते लाल पानांचं झाड असतं त्याचं पण असंच आहे.

कळ्या दिसल्या की कामं तीन. बांबूची काडी रोवून सैल बांधायचं, कारण फुलांच्या वजनाने झाड मधून फाटतं. पाणी बुंध्याशी आणि सकाळी, फुलांवर नको, पाकळ्या तपकिरी होतात. मोठी फुलं पाहिजेत तर एका शेंड्यावर मधली कळी ठेवून बाजूच्या खुडा, देवाला ढीगभर छोटी पाहिजेत तर तशीच राहू द्या. शेंड्याला काळा मावा लागला तर औषधाच्या आधी पाण्याची जोरदार धार दोन-तीन सकाळी मारून बघा, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. फुलं उमलली असताना फवारायचं नाही, मधमाश्या असतात.

फुलं संपली, साधारण जानेवारीत, की चार इंचावर कापायची आणि फेकायची नाही. इथंच लोक चुकतात, बाजारातनं आणलेली फुललेली कुंडी फुलं सुकली की टाकून देतात. बुंध्याभोवती काश्या, म्हणजे मुळाशी येणारे नवे फुटवे, फुटतात, ती कुंडी उन्हाळाभर अर्ध्या सावलीत जपा आणि एप्रिल-मेमध्ये काश्या वेगळ्या करून लावा. पावसाळ्यात दोनदा शेंडा खुडायचा, शेवटचा खुडा ऑगस्टच्या सुरुवातीला, नंतर हात लावायचा नाही. एका कुंडीच्या सात-आठ सहज होतात.

बाकी या दिवसांत फुलणाऱ्यांचं फार काही नसतं. अबोली, कोरांटी चालूच असतात, कुंदाला थंडीतच बहर, त्यांना फक्त पाणी. झेंडूची सुकलेली फुलं दर दोन दिवसांनी खुडत राहिलात तर महिनाभर जास्त फुलतो. सोनटक्क्याचा जो दांडा फुलून गेलाय तो जमिनीलगत काढा, बाकीचे ठेवा.

बी धरणं

कासच्या पठारावर सप्टेंबरात तेरड्याचा जो गुलाबी गालिचा दिसतो तो ऑक्टोबर सरेपर्यंत वाळून गेलेला असतो आणि तेव्हा कोणी बघायला जात नाही, पण पुढच्या वर्षीचा गालिचा त्याच वाळलेल्या झाडांतनं पडतो. (तिथलं बी, कंद, रोप काहीही घरी आणायचं नाही. २०१२ पासून पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारशात आहे, आणि तिथली झाडं कुंडीत जगत पण नाहीत.) आपल्या अंगणात पण तसंच, बी पडायच्या आधी उपटलं तर पुढच्या श्रावणात नर्सरीत पैसे मोजायचे.

तेरड्याची बोंडं फुगून जरा पिवळसर झाली की हळूच कागदी पिशवीत धरून दाबायची, बोट लागताच फटकन फुटतात, उघड्यावर धरलं की बी अंगणभर. गुलबक्षीचं मिरीसारखं काळं बी रोज सकाळी खाली पडलेलं वेचायचं, आणि तिचं झाड वाळलं तरी खाली कंद असतो, तो राहू द्या. गोकर्णाच्या शेंगा करकरीत वाळल्यावर. झेंडूचं सगळ्यात टपोरं फूल झाडावरच वाळवायचं, पण दसऱ्याच्या हारातल्या संकरित झेंडूचं बी लावलं तर तसंच फूल येईल अशी खात्री नसते, गावठीचं येतं.

सगळं सावलीत आठ दिवस वाळवायचं, कागदाच्या पुडीत थोडी चुलीची राख घालून बांधायचं, पुडीवर नाव, रंग, महिना लिहायचा, आणि पुड्या घट्ट झाकणाच्या बरणीत. प्लास्टिकच्या पिशवीत ओलसर बी ठेवलं की बुरशी येतेच.

दुसरी फेरी, तुळशीचं लग्न झाल्यावर

सुरुवात तुळशीपासनंच करा. लग्नात वृंदावनात अक्षता, कुंकू, तेल, दूध, सगळं मातीत गेलेलं असतं, तांदूळ कुजून मुंग्या आणि बुरशी येते. वरची दोन बोटं माती हळूच खरवडून काढा आणि नवीन माती-गांडूळखत घाला. मंजिऱ्या तपकिरी झालेल्या काढून बी चोळून ठेवा, हिरव्या मंजिऱ्या खुडून टाका म्हणजे झाड पानाकडं वळतं. थंडीत पाणी निम्म्यावर आणा. पानं थोडी गळणारच, घाबरून जास्त पाणी घालू नका, तुळशी थंडीपेक्षा पाण्यानेच जास्त मरतात.

मग लाल लोकरीवाली उपटा. रोग नसलेलं सगळं खताला जाईल. जाळायचं नाही, पाचोळा अजिबात जाळायचा नाही, एक तर थंडीत धूर खालीच बसतो आणि शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्रास होतो, आणि दुसरं म्हणजे आपण पुढच्या वर्षीचं खत जाळत असतो. जुना क्रेट किंवा भोकं पाडलेला ड्रम घ्या, तळाशी काटक्या, मग तीन टोपल्या सुकं आणि एक टोपली ओलं असे थर, प्रत्येक थरावर शेणाची पातळ स्लरी किंवा आंबट ताक शिंपडायचं. झेंडूचे हार पण घाला पण दोरा काढून, तो बहुतेक नायलॉनचा असतो. मुठीत दाबलं तर हाताला ओल लागली पाहिजे पण पाणी टपकायला नको. पंधरा दिवसांनी उलटं-पालटं. अडीच-तीन महिन्यांत, म्हणजे फेब्रुवारी-मार्चला तयार. ऊसवाल्या पै-पाहुण्यांकडनं पोतंभर पाचट मिळालं तर आणाच, कुंड्यांत आणि वाफ्यात दोन-तीन इंच पसरलं की उन्हाळ्यात पाणी निम्मं लागतं.

रिकाम्या कुंड्या धुवून उन्हात वाळवा. बोअरचं पाणी असेल तर कडेला पांढरा क्षार धरलेला असतो, तो घासून काढा, भोक बुजलं असेल तर मोकळं करून खापरी ठेवा. जुनी माती फेकू नका, प्लास्टिकवर पातळ पसरून आठ दिवस कडक ऊन द्या, मग पाच भाग ती माती, तीन भाग खत, दोन भाग कोकोपीट किंवा भाताचं तूस. सांगलीच्या काळ्या मातीला तूस जरा जास्तच लागतं.

पिवळ्या लोकरीवाल्यांपैकी मधुमालती आता बिनधास्त निम्मी करा, पारिजातक फुलं थांबल्यावर शेंडे छाटा, जाई-जुई जानेवारीला. जास्वंदाला पांढरा पिठ्या ढेकूण असेल तर भरलेले शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडवा आणि मग एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल, २ मिली लिक्विड सोप, संध्याकाळी, आठवड्याच्या अंतराने तीनदा. बुंध्यावर मुंग्यांची रांग असेल तर तीही तोडा, मुंग्याच तो ढेकूण सांभाळतात.

गौरीच्या दिवसांत फुललेली कळलावी आता वाळून गेली असेल, कुंडी रिकामी समजून उकरू नका, कंद खाली झोपलाय. कुंडीवर खूण करा, पाणी बंद, कोरड्या जागी ठेवा. हा कंद जहाल विषारी असतो, आल्या-हळदीच्या कुंड्यांजवळ ठेवायचाच नाही.

आणि एक कोपरा साफ करूच नका. वाळलेल्या झिनियाची, गवताची बोंडं राहू द्या, मुनिया येतात दाणे टिपायला. लिंबाच्या, कढीपत्त्याच्या पानावर अळी दिसली तर झाड मोठं असल्यास सोडून द्या, ते फुलपाखरू आहे. मला हा कोपरा सगळ्या बागेत जास्त आवडतो, सकाळी चहा घेऊन तिथंच बसते. फक्त घराच्या दारापासून लांबचा निवडा, साप-विंचवासाठी.

मोकळ्या झालेल्या कुंड्यांत लगेच मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा टाका. धणे चपलेने चुरडून दोन करायचे, मेथी नुसती विस्कटायची. झेंडू होता त्या जागी टोमॅटो-वांगी लावा, झेंडूच्या मुळांनी मातीतले सूत्रकृमी, म्हणजे मुळं खाणारे बारीक किडे, कमी होतात.

मोगरा, सगळ्यात शेवटी

मोगऱ्याला या दिवसांत लाड नकोत. नोव्हेंबरअखेरीपासून पाणी कमी करत आणा, डिसेंबरात जमिनीतल्याला पूर्ण बंद, कुंडीतल्याला आठवड्यातनं एकदा कपभर, पानं पिवळी पडून गळायला लागली तरी बघत राहायचं. हा ताण बसला तरच मार्चमध्ये कळी भरून येते. जानेवारीच्या मध्याला सगळ्या फांद्या एक-दीड फुटावर कापा, उरलेली पानं हाताने ओरबाडा, बुंध्याभोवतीची माती चार बोटं खणून दोन-तीन दिवस उघडी ठेवा, मग घरचं खत जितकं तयार झालं असेल तितकं, कमी पडलं तर शेणखत, आणि मूठभर नीमपेंड घालून माती ओढून घ्या आणि पहिलं पाणी भरपूर द्या, तळातनं वाहीपर्यंत.